सदतीस मिलिग्रॅम

नव्या स्टोअरकीपरला संस्थेचं वळण अजून लागलं नव्हतं, म्हणून त्याने तार खरोखरच तोलली. नाहीतर मौल्यवान धातूंची वार्षिक मोजणी इतकी वर्षं व्हायची ती अशी: जुना स्टोअरकीपर रजिस्टर बगलेत मारून प्रयोगशाळेत यायचा, डबीचं झाकण उघडून आत प्लॅटिनमची तार आहे एवढं बघायचा, मागच्या रकान्यातला आकडा पुढच्या रकान्यात उतरवायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. २.४८६ ग्रॅम. नऊ रकाने, नऊ वेळा तोच आकडा, तेच उजवीकडे झुकलेलं अक्षर. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी हा आला, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. सकाळी साडेदहाला दारात उभा राहून म्हणाला, "सर, तुमची तार कमी भरतेय."

"किती?"

"दोन पॉइंट चार चार नऊ. सदतीस मिलिग्रॅमचा फरक आहे."

"पुन्हा बघा एकदा."

"तीनदा बघितलं. काटा गेल्याच महिन्यात तपासून आलाय." त्याने डबी टेबलावर ठेवली, जपून, जणू तीच आजारी आहे. "चोरी म्हणावी तर एवढीशी कोण चोरणार? न्यायची तर अख्खी नेतील. मला काही नको, सर. शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहून द्या, कमी का झाली. उद्या दुपारपर्यंत. म्हणजे मला पान बंद करता येईल."

प्रयोगशाळेचा प्रमुख "बघतो" म्हणाला. स्टोअरकीपर गेला. खरं तर बघायचं काहीच उरलं नव्हतं. आकडा कानावर पडला तेव्हाच त्याचा हात डबीकडे गेला होता. डोक्याला कळायला पाच-सात मिनिटं लागली एवढंच. तेवढ्या वेळात त्याने फाइल सरळ केली, पेनाचं टोपण लावलं, काढलं, भिंतीवरच्या मानपत्राकडे बघितलं. वापराने सुधारणारी चांदी. मानपत्रात हेच शब्द होते आणि ते त्याचेच होते, त्यांनी त्याच्याच लेखातून उचललेले. इंधनघट म्हणजे एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन, मध्ये कॉस्टिक पोटॅशचं पाणी, आणि बाहेर वीज. ऐकायला सोपं. पण त्यातला ऑक्सिजन रुसलेल्या जावयासारखा बसून राहतो, त्याला कुणीतरी हाताला धरून उठवावं लागतं. प्लॅटिनम ते काम झकास करतं, पण प्लॅटिनम जगात आहे चिमूटभर. त्याने ठरवलं होतं की ते काम चांदीकडून करून घ्यायचं. केसाहून हजारपट बारीक अशा चांदीच्या तारा त्याने बनवल्या; बाटलीत त्या करड्या शाईसारख्या दिसायच्या. त्या शाईचा थेंब कार्बनच्या बटणावर सुकवायचा, बटण पोटॅशमध्ये गरागरा फिरवायचं आणि वीज किती निघते ते मोजायचं. जगभरचे उत्प्रेरक वापरून वापरून थकतात. विजेचा दाब एकदा वर चढवून खाली आणला की एक फेरी; त्याची चांदी अशा हजार फेऱ्यांनंतर पहिल्यापेक्षा जोमाने काम करायची. असं का, तेही त्याने सांगून टाकलं होतं: चांदीचा पृष्ठभाग काम करता करता स्वतःला घडवतो. हे वाक्य त्याने किती सभागृहांत म्हटलं असेल कोण जाणे. शेवटी शेवटी तर ते म्हणताना थोडं थांबायचं कुठे, तेही ठरून गेलं होतं.

आणि त्या सगळ्या वर्षांत, त्याच भांड्यात, चांदीपासून चार बोटांवर, ही तार बुडालेली होती. मोजताना वीज आत जाते तशी तिला परतीचीही वाट लागते, त्यासाठी दुसरी तार. ती प्लॅटिनमची ठेवायची सगळ्यांचीच सवय, कारण प्लॅटिनमला काही होत नाही असं सगळे धरून चालतात. काही होत नाही, तर सदतीस मिलिग्रॅम गेलं कुठे? थोडं धुण्याच्या पाण्यात गेलं असेल, थोडं भांड्याच्या तळाशी. आणि कणभर, दर फेरीला कणभर, समोरच्या चांदीवर जाऊन बसलं असेल. चांदी जोमदार व्हायला तेवढं पुष्कळ झालं. प्लॅटिनम नको म्हणून ज्या चांदीचे गोडवे गायले तिच्या अंगावर प्लॅटिनमच होतं. हे कळल्यावर त्याला आधी हसू आलं. मग त्याने दाराची कडी लावून घेतली, कारण हसू थांबेना आणि ते चांगलं हसू नव्हतं.

टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात आठवडाभर एक अर्ज पडून होता. शंकाबाईचा. हे नाव प्रयोगशाळेने ठेवलेलं, ती आली तेव्हा प्रत्येक वाक्याच्या शेवटी "पण सर, असं असेल का?" म्हणायची. पाच वर्षांपूर्वी तिने नोंदणी केली होती, वर्षभरातच सोडून गेली, आणि आता एका शाळेत विज्ञान शिकवत होती. पुन्हा नोंदणी करायची शेवटची संधी याच महिन्यात होती. समिती उद्या दुपारी बसणार, आणि अर्जावर 'मार्गदर्शकाचा अभिप्राय' असा तीन ओळींचा रिकामा चौकोन. खाली, जुना अभिप्राय टाचलेला. त्याच्याच अक्षरात: प्रायोगिक कामात सफाई नाही. मोजमापे विश्वसनीय नाहीत. आठवडाभर तो हा अर्ज इकडचा तिकडे सरकवत होता. मनातून त्याचं ठरलं होतं की जुन्याच अभिप्रायाखाली 'बदल नाही' एवढं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. आता तो अर्ज त्याच्याकडे बघत होता असं नाही म्हणता येणार, पण त्याला त्याच्याकडे बघवेना.

काय झालं होतं तेव्हा? तो पंधरा दिवस परदेशी परिषदेला गेला होता आणि तारेची डबी सवयीप्रमाणे त्याच्या कपाटात कुलपात होती. शंकाबाईला काम थांबवायचं नव्हतं, म्हणून तिने दुसऱ्या तारेच्या जागी साधी ग्रॅफाइटची कांडी लावली. शिसपेन्सिलीत असते ना, तसली, थोडी जाड. तो परत आला तेव्हा तिच्याकडे चाळीस मोजमापं होती आणि चाळिसांतही चांदी ओशाळल्यासारखी वागत होती. काम करत होती, पण बेताचं, आणि हजार फेऱ्यांनंतर तर थकतच होती. सोमवारच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, तिने विचारलं, "सर, तार बदलली म्हणून असेल का?" आणि त्याच्या तोंडून आयतं वाक्य निघालं: "तार बदलून चांदी बदलत नाही. हात बदलावे लागतात." काय हशा पिकला होता. तीही हसली होती. मग तिने वह्या छातीशी धरल्या आणि त्या बैठक संपेपर्यंत खाली ठेवल्या नाहीत. त्यानंतरचे चार महिने ती शाई पुन्हापुन्हा बनवत राहिली, बाटल्या सातसात वेळा धूत राहिली. तिच्या बोटांची सालं निघाली होती. तो येता-जाता "जमतंय का?" विचारायचा, आणि ज्या सुरात विचारायचा तो सूर त्याला आज बंद दाराआड स्वतःच्या कानांनी ऐकू आला.

तिचा ड्रॉवर अजून तसाच होता. प्रयोगशाळांत कुणी गेलं की त्याचा ड्रॉवर कुणी उघडत नाही, फक्त त्यावर दुसऱ्याचं सामान साठतं. टिश्यूत गुंडाळलेली कांडी मिळाली. वहीही. त्याने स्वतः ताजी शाई घेतली, स्वतः बटण घासून आरशासारखं केलं, थेंब टाकला, सुकू दिला. किती वर्षांनी तो स्वतःच्या हाताने मोजत होता. भांड्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडले, कांडी बुडवली, यंत्र सुरू केलं. हजार फेऱ्यांना साडेचार तास लागतात. तो समोर स्टुलावर बसून राहिला. जेवायला उठला नाही. पडद्यावरची रेघ पुढे जायची, मागे यायची, पुढे जायची, आणि त्याला मध्येच वाटायचं की ही वर चढेल, आता चढेल, आपण उगाच घाबरलो, काटाच चुकला असेल. ती चढली नाही. साडेतीन वाजता त्याने वहीचं पान उघडून पडद्याशेजारी धरलं. रेघेवर रेघ. एवढं स्वच्छ काम त्याच्या हाताखाली दुसऱ्या कुणी केलं नव्हतं, त्याने स्वतःही नाही. पानाच्या कोपऱ्यात तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: माझंच काहीतरी चुकतंय.

त्याला राग आला. कुणाचा, ते ठरेना. स्टोअरकीपरचा आला, ज्याला नऊ वर्षं चाललेली रीत मोडायची काही गरज नव्हती. जुन्या स्टोअरकीपरचा आला. शंकाबाईचा तर आलाच: एवढं बरोबर होतं तर भांडली का नाही? आणि सगळ्यात जास्त, काही कारण नसताना, बाबांचा.

कारण होतं. बाबा मुलामेवाले होते. घराच्या मागच्या खोलीत एक टाकी, टाकीत विषारी पाणी, एका बाजूला टांगलेली चांदीची पट्टी, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाचा पितळी ट्रे, आणि दोन्हींना वीज. तासाभराने ट्रे पांढराशुभ्र. लहानपणी त्याने विचारलं होतं की चांदी मध्ये कुठेच दिसत नाही, मग ती इकडून तिकडे जाते कशी? बाबा म्हणाले होते, "चालत जाते. पाण्याखालून. आपल्याला दिसत नाही म्हणून काय ती थांबते होय?" आणि रोज संध्याकाळी दुकान बंद करताना ते पट्टी काढायचे, पुसायचे आणि तोलायचे. ट्रेवर किती चढली ते बघायची खूण ती. पट्टी जेवढी हलकी, तेवढी चांदी गिऱ्हाइकाला मिळाली. गिऱ्हाईक समोर नसलं तरी तोलायचे. त्यांच्या बोटांची टोकं कायम काळी असायची, चांदीच्या क्षारांनी. कशानेही न निघणारी. शाळेत त्याला मुलं 'मुलामा' म्हणायची. आठवीत तो पहिला आला तेव्हा स्टेजवर चांदीचा कप मिळाला, आणि बाबा खाली पहिल्या रांगेत शेजारच्याला कोपराने ढोसत म्हणाले, "आमच्याच टाकीतला आहे." ते ऐकू आलं होतं त्याला. कप हातात होता आणि आतलं पितळ त्याला स्पष्ट दिसत होतं. त्या दिवशी त्याने ठरवलं होतं की आपण काहीही करू, हे करणार नाही. म्हणून तर एवढं शिकला. एवढं शिकून एक भांडं घेतलं, त्यात पाणी घेतलं, दोन बाजूंना दोन धातू टांगले आणि वीज सोडली. आणि पट्टी तोलली नाही. सातवीतल्या पोराला जे ठाऊक होतं ते सभागृहात टाळ्या घेणाऱ्याला सुचलं नाही, कारण सुचायचं तर मागच्या खोलीत जावं लागलं असतं, आणि त्या खोलीचं दार त्याने फार आधी लावून घेतलं होतं.

तो लवकर घरी गेला. बाबा गॅलरीत उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात खुर्ची ओढून बसले होते. त्र्याऐंशी वर्षं, एका कानाने ऐकू येत नाही, पण दुसऱ्याने नको तेवढं येतं. बायकोने "आज लवकर?" असं विचारून दोघांचा चहा आणून ठेवला. तो कठड्याला टेकला. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि हे सांगितलं तर एका वाक्यात समजेल असा जगात एकच माणूस त्याला माहीत होता, हे त्याला मनापासून आवडलं नाही.

"बाबा, समजा पट्टीच भांड्यावर चढतेय आणि आपल्याला वाटतंय भांडंच आपोआप चमकतंय."

बाबांनी चहा बशीत ओतला. "पट्टी हलकी भरेल मग."

"तोलली नव्हती."

"किती दिवस?"

"नऊ वर्षं."

बाबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. बशी तशीच हातात. "नऊ वर्षं पट्टी न तोलता कसला धंदा केलास तू?" ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. मग चहाचा घोट घेतला. "माल गेला का गिऱ्हाइकाकडे?"

"गेला. सगळीकडे गेला."

"मग परत बोलवायचा. एकदा नाही का टाकीत तांबं मिसळलं होतं माझ्या? साठ ट्रे. दारोदार जाऊन परत आणले. तुझी आई आठ दिवस बोलत नव्हती माझ्याशी."

"आणि कुणाला कळलं असतं का, नसते आणले तर?"

"नाही," बाबा म्हणाले. "कुणाला कळणार? वरून तर पांढरेच होते."

एवढं बोलून ते खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं तिकडे बघायला लागले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. त्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला त्यांचा हेवा वाटला. मग वाटलं, साठ ट्रे आणि एक माणूस. ट्रे परत आणता येतात, त्यांना काही वाटत नाही. इथे लेख परत घ्यायचे म्हणजे त्यांवर नोकरी मिळालेली तीन माणसं, त्यांच्या नेमणुका, मानपत्र, पुढच्या वर्षी होऊ घातलेलं विभागप्रमुखपद. कारणं किती पटापट रांगेत येऊन उभी राहिली. त्यातलं एकही खोटं नव्हतं, हीच त्यांची सोय.

सकाळी तो नवाला पोचला. आधी अर्ज ओढला. कोरा कागद घेऊन लिहायला बसला: उमेदवाराची पूर्वीची मोजमापे अचूक होती. चूक माझ्या मांडणीत होती. दोन वाक्यं. त्याने ती परत परत वाचली आणि त्याच्या लक्षात आलं की समितीतला पहिला माणूस विचारेल, कुठली चूक? आणि त्या एका धाग्याने सगळं उसवत जाईल. कागदाची घडी घालून त्याने खिशात ठेवली. अर्जाच्या चौकोनात लिहिलं: उमेदवार कष्टाळू व चिकाटीची आहे. अनुभवातून ती शिकली असावी. पुन्हा संधी द्यावी, अशी शिफारस. 'शिकली असावी' लिहिताना पेन अडखळलं, तरी अक्षर छान आलं. सही करून झाल्यावर त्याला क्षणभर चक्क बरं वाटलं, कुणावर तरी उपकार केल्यावर वाटतं तसं. मग त्या बरं वाटण्याची किळस आली. तीही फार वेळ टिकली नाही.

बाराला स्टोअरकीपर रजिस्टर घेऊन आला. शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं: वापराने झीज. स्टोअरकीपरने चष्मा कपाळावरून खाली आणून वाचलं आणि म्हणाला, "वा. एका ओळीत मिटलं बघा. मी उगाच रात्रभर विचार करत होतो." शिक्का मारला. त्याच्या नऊ वर्षांच्या लिखाणातलं पहिलं पूर्ण खरं विधान त्या रकान्यात होतं, आणि ते यापुढे कधीच कुणी वाचणार नव्हतं.

संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला तेव्हा तो कांडी पुन्हा टिश्यूत गुंडाळत होता. शंकाबाई बोलत होती. मागे शाळा सुटल्याचा गलका.

"सर, समितीने मंजूर केलं. आत्ताच कळलं. तुम्ही काय लिहिलंत तेही क्लार्कनं वाचून दाखवलं." ती रडत नव्हती, पण आवाज सांभाळून वापरत होती. "माझ्याबद्दल एवढं चांगलं लिहाल असं मला वाटलं नव्हतं. मोठं मन लागतं, सर."

"नाही, तसं काही नाही," तो म्हणाला. हेही खरंच होतं.

"मी खूप विचार केला मधल्या वर्षांत. तेव्हा मी शंकाच फार काढायचे. हात चालत नव्हता आणि दोष तारेला देत होते. आता मुलांना शिकवताना कळतं, आधी सांगितलं तसं करावं." ती थोडी हसली. "या वेळी तसं होणार नाही. तुम्ही द्याल तीच तार वापरीन."

त्याच्या खिशात घडी घातलेला कागद होता. तो बाहेर काढून वाचून दाखवायला एक मिनिट पुरलं असतं. एवढंच करायचं होतं: दोन वाक्यं, फोनवर, एका माणसाला. त्याने तोंड उघडलंही.

"सोमवारी ये," तो म्हणाला.

"येते. आणि सर, माझी ती ग्रॅफाइटची कांडी असेल ड्रॉवरमध्ये, तर टाकून द्या. लाज वाटते मला ती आठवली की."

"ती कधीच टाकली," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की बोलताना कांडी मुठीत आवळली गेली होती आणि बोटांची टोकं काळी झाली आहेत. तो नळाशी गेला. ग्रॅफाइटच ते, साबण लावल्याबरोबर निघालं.